स्मारापर्यंत बेचाळीस किलोमीटर

"सहाराच्या वाळवंटात धावायला चाललोय," असं मी घरी सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "का रे? पर्वतीच्या पायऱ्या कमी पडल्या का तुला?"

आईचं काही चुकलं नव्हतं. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर आणि वर १९५ मीटर. पुण्यातल्या डांबरी रस्त्यावरसुद्धा तेवढं अंतर धावताना माणसाचा जीव मेटाकुटीला येतो. मग त्यासाठी हजारो किलोमीटर विमानाने जायचं, आणि तेही जिथे झाड नाही, नदी नाही, अशा ठिकाणी? पण या शर्यतीविषयी मी एक गोष्ट वाचली होती आणि ती काही केल्या डोक्यातून जात नव्हती. तिथे धावणारे हॉटेलात राहत नाहीत, कारण हॉटेलंच नाहीत. ते राहतात निर्वासितांच्या घरी, त्यांचे पाहुणे म्हणून. ज्यांना स्वतःचा देश सोडून यावं लागलं, त्यांच्या घरी पाहुणा म्हणून जायचं! म्हटलं, जाऊन बघूच.

२०१९ सालच्या फेब्रुवारीत मी गेलो. या शर्यतीचं नाव सहारा मॅरेथॉन. ती २००१ साली सुरू झाली. मुंबईच्या मॅरेथॉनसारखी हजारोंची गर्दी इथे नसते. काही शे धावपटू, बस्स. अल्जीरिया देशाच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात तिंदूफ नावाचं गाव आहे, त्याच्या आसपास ही शर्यत होते. भूगोलाचं पुस्तक जवळ असेल तर आफ्रिकेचा नकाशा उघडूनच ठेवा. आपल्याला तो पुढे लागणार आहे.

वाळू कुठाय?

विमान उतरलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. जीपमधून धूळ खात, हाडं खिळखिळी करत आम्ही मुक्कामी पोचलो. अंधारात काही दिसत नव्हतं. सकाळी उठून बाहेर आलो आणि पहिला धक्का बसला. वाळूच नव्हती!

सहारा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? वाळूचे सोनेरी डोंगर आणि त्यावरून चाललेली उंटांची रांग. पण सहाराचा साधारण पाव भागच वाळूचा आहे. उरलेला बहुतेक सगळा दगडगोट्यांचा नि खडकाळ. तिंदूफच्या या उजाड पठाराला तिकडे 'हमादा' म्हणतात. पोळपाटासारखी सपाट जमीन, त्यावर काळपट खडी पसरलेली आणि वर प्रचंड मोठं आकाश. उन्हाळ्यात इथे पारा पन्नास अंशांच्या आसपास जातो. हिवाळ्यात रात्री अशी थंडी पडते की दोन गोधड्या घेऊनही दात वाजतात. म्हणून तर शर्यत फेब्रुवारीत ठेवतात.

माझ्या यजमानांचं घर मातीच्या विटांचं होतं. वर पत्रा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड. आत जमिनीवर सतरंज्या नि लोड. घराशेजारी एक तंबू. बाहेर पाण्याची टाकी. बकऱ्यांचा गोठा तर बघण्यासारखा होता. जुन्या मोटारींचे पत्रे, तारेच्या जाळ्या, जे मिळेल ते जोडून केलेला. घरात आजी, त्यांची सून आणि अकरा वर्षांची एक नात होती. बायकांनी अंगाभोवती 'मेल्हफा' गुंडाळलेला. म्हणजे सुमारे चार मीटर लांबीचं रंगीत कापड, डोक्यावरून घेतलेलं. मला एकदम आपल्याकडच्या साडीची आठवण झाली. आजींनासुद्धा माझ्या पाकिटातल्या आईच्या फोटोतली साडी भारी आवडली. "हा मेल्हफा किती लांब?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नऊवार असेल तर तुमच्या दुप्पट!" त्या पोट धरून हसल्या.

तुम्ही म्हणाल, तुम्ही बोलत कुठल्या भाषेत होता? स्पॅनिशमध्ये! या लोकांना सहरावी म्हणतात. त्यांची घरची भाषा हस्सानिया अरबी, आणि शाळेत शिकलेली दुसरी भाषा स्पॅनिश. मी पुण्यात दोन वर्षं स्पॅनिशचे वर्ग केले होते. माझे व्याकरणाचे घोटाळे ऐकून त्या नातीची फार करमणूक होई. ती अस्खलित बोलायची, कारण आदल्या उन्हाळ्यात ती स्पेनला एका कुटुंबात राहून आली होती. छावण्यांतल्या मुलांना भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात दोन महिने गारव्याला पाठवायची एक योजना आहे, तिच्यातून.

"तिथे काय आवडलं?" मी विचारलं.

"समुद्र," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या देशालाही समुद्र आहे. मी पाहिला नाही. आजीने पाहिलाय."

तीन पेले चहा

संध्याकाळी चहा झाला. आपला चहा गॅसवर पाच मिनिटांत उकळतो. इथला चहा म्हणजे तासा-दीड तासाचा कार्यक्रम. कोळशाच्या शेगडीवर छोटी किटली, त्यात हिरवा चहा नि भरपूर साखर. मग या पेल्यातून त्या पेल्यात, हात उंच धरून बारीक धार ओतत राहायचं, फेस येईपर्यंत. असे तीन पेले प्यायचे. पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मरणासारखा सौम्य, असं तिथे म्हणतात. तिसरा पेला व्हायच्या आत उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, बरं का!

या चहाच्या वेळी मला सगळी गोष्ट कळली. ती थोडक्यात सांगतो.

नकाशात आफ्रिकेच्या वायव्येला मोरोक्को शोधा. त्याच्या खाली, अटलांटिक महासागराला चिकटून एक प्रदेश आहे, पश्चिम सहारा. त्यावर स्पेनचं राज्य होतं. १९७५-७६ मध्ये स्पेन तिथून निघून गेला. जाताना त्याने कारभार मोरोक्को आणि मॉरिटानिया या शेजाऱ्यांकडे सोपवला. मोरोक्कोचं म्हणणं, हा आमचाच जुना मुलूख. सहरावींच्या 'पोलिसारिओ' या संघटनेचं म्हणणं, हा आमचा स्वतंत्र देश. २७ फेब्रुवारी १९७६ ला त्यांनी तशी घोषणाही केली. लढाई जुंपली. हजारो माणसं, बायकामुलं, म्हातारेकोतारे वाळवंट तुडवत अल्जीरियाच्या हद्दीत आले. मॉरिटानिया १९७९ मध्ये या भांडणातून बाहेर पडला. मोरोक्कोने १९८० नंतरच्या काही वर्षांत वाळवंटातून वाळूची आणि दगडांची एक लांबच लांब भिंत उभारली. सुमारे २,७०० किलोमीटरची! तिच्या आजूबाजूला सुरुंग पेरले. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने लढाई थांबली. लोकांचं मत घेऊन निर्णय करायचा असं ठरलं. पण मत कुणी द्यायचं, यावरच वाद झाले आणि ते मतदान कधी झालंच नाही. मी जाऊन आल्यावर, २०२० च्या नोव्हेंबरात, ती शस्त्रसंधीही मोडली. तंटा अजून सुटलेला नाही.

आजी लायून शहरातून आल्या तेव्हा तरुण होत्या. पुरुष लढायला गेलेले, त्यामुळे तंबू ठोकणं, विटा पाडणं, शाळा नि दवाखाने चालवणं, हे सगळं बायकांनीच केलं. "आम्हांला वाटलं होतं, काही महिन्यांचा प्रश्न आहे," आजी म्हणाल्या. त्या काही महिन्यांची तेव्हा त्रेचाळीस वर्षं झाली होती.

आणि आता गंमत ऐका. गंमत म्हणावं की नाही, हे तुम्हीच ठरवा. या लोकांनी आपल्या छावण्यांना मायदेशातल्या गावांची नावं दिली आहेत. एक छावणी लायून, एक औसेर्द, एक स्मारा, एक बुजदूर आणि एक दाखला. (हा शाळा सोडल्याचा दाखला नव्हे हं!) आपल्याकडे धरणाच्या पाण्यात गाव गेलं, तर नव्या वस्तीलाही लोक जुन्याच गावाचं नाव लावतात ना? तसंच. आमची मॅरेथॉन लायूनहून निघून, औसेर्दवरून, स्मारापर्यंत जाणार होती. खऱ्या लायूनपासून खरं स्मारा दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर आहे. इथे ते बेचाळीस किलोमीटरवर होतं.

धावा!

शर्यतीच्या सकाळी आम्हांला गाड्यांत घालून लायूनला नेलं. अंगात स्वेटर, डोक्याला टोपी, मनात धाकधूक. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शाळेतली मुलं उभी. टाळ्या, आरोळ्या आणि बायकांचा तो जिभेने काढलेला 'लूलूलूलू' असा किणकिणता आवाज. आनंदाच्या वेळी तिकडे असा आवाज काढतात. अंगावर काटा आला. आम्ही सुटलो.

घरं संपली आणि एकदम सगळं गप्प झालं. आपलाच श्वास नि बुटाखालच्या खडीचा करकर आवाज. रस्ता असा नव्हताच. खुणा बघत धावायचं. लांबवर एक पांढरा ठिपका दिसला. पाण्याचा तंबू! मनाशी म्हटलं, दहा मिनिटांत पोचू. दहा झाली, वीस झाली, ठिपका तेवढाच. असं का होतं माहीत आहे? आपण अंतर ओळखतो ते मधल्या झाडांवरून, खांबांवरून, घरांवरून. इथे मध्ये काहीच नाही आणि हवा एकदम स्वच्छ. त्यामुळे दूरची वस्तू हाताच्या अंतरावर वाटते.

ऊन चढल्यावर दुसरी फसवणूक सुरू झाली. समोर चक्क तळं! मृगजळ बरं का. जमिनीलगतची हवा तापून विरळ होते. वरच्या दाट हवेतून खाली येणारे प्रकाशकिरण त्या विरळ हवेत वाकतात आणि वर वळून आपल्या डोळ्यांत शिरतात. म्हणजे जमिनीवर आपल्याला दिसतो तो आकाशाचाच तुकडा. पुस्तकात हे मी दहा वेळा वाचलं होतं, परीक्षेत आकृतीही काढली होती. तरी तहान लागल्यावर ते पाणीच वाटतं!

तिसरी फसवणूक सगळ्यांत वाईट. मला घामच येत नव्हता. मी खूश! मुंबईत दोन किलोमीटरला सदरा ओला होतो, इथे कोरडा ठणठणीत. म्हणून पहिल्या दोन तंबूंवर मी पाणी घेतलंच नाही. चूक! घाम येत होताच, पण कोरड्या हवेत तो क्षणात उडून जात होता. माझ्या काळ्या बनियनवर मिठाचे पांढरे नकाशे उमटले, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. घामाबरोबर पाणी जातं तसं मीठही जातं. नुसतं पाणी ढोसलं तरी घोटाळा, म्हणून मीठही पोटात गेलं पाहिजे.

औसेर्द आलं. अर्धी शर्यत झाली होती. तिथल्या टेबलावर एका मुलीने मला पाण्याची बाटली दिली. मी अर्धी प्यायलो, आणि उरलेली सवयीने डोक्यावर ओतली. पुण्यात आम्ही सगळे तसंच करतो. पाणी मानेवरून ओघळून खाली खडीवर पडलं आणि बघता बघता नाहीसं झालं. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं नाही. ती त्या ओल्या डागाकडे बघत होती.

कुणी मला काही बोललं नाही. पाहुण्याला कोण बोलणार? पण मला आदल्या दिवशीची माझ्या यजमानांच्या दारातली टाकी आठवली. पाणी टँकरने येतं आणि त्या टाकीत भरतात. ते पुढचा टँकर येईपर्यंत पुरवायचं. निर्वासितांच्या छावणीत दर माणशी दिवसाला निदान २० लिटर पाणी मिळावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने ठरवलेलं आहे. म्हणजे आपली एक मोठी बादली. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, धुणं, भांडी, सगळं त्या एका बादलीत. आणि इथे बरेचदा तेवढंही मिळत नाही. मी ती रिकामी बाटली फेकली नाही. हातात धरून धावत राहिलो.

पुढे मऊ वाळूचा पट्टा लागला. एक पाऊल पुढे टाकलं की अर्धं मागे. तिसाव्या किलोमीटरला उजव्या पोटरीत असा गोळा आला, की मी मटकन खाली बसलो. उठलो, पण आता धावणं नाही, नुसतं लंगडणं. तेवढ्यात कुठूनसा आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आला. पायात प्लॅस्टिकच्या चपला, एका चपलेचा पट्टा दोऱ्याने बांधलेला. तो माझ्याशेजारी चालू लागला. मी चाललो की तो चाले, मी धावलो की तो धावे. त्याने मला एक शहाणपण शिकवलं. मऊ वाळूत नवी वाट काढायची नाही, मोटारीच्या चाकाच्या चाकोरीतून जायचं. तिथे वाळू दबलेली असते. एवढे महागाचे बूट घालून मी आलो होतो, पण ही साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. घरं दिसू लागली तसा तो हात हलवून वळला आणि ज्या वाटेने आलो तीच वाट पळत परत गेला!

पोचलो, पण कुठे?

साडेपाच तासांनी मी स्मारात शिरलो. पुन्हा टाळ्या, पुन्हा लूलूलू. गळ्यात पदक पडलं. यजमानांची नात वाट बघत उभीच होती. तिने त्या दिवशीची मुलांची छोटी शर्यत आपल्याला किती सोपी गेली असती, ते मला ऐकवलं आणि मग विचारलं, "दमलात?"

"खूप. पण पोचलो एकदाचा. लायून ते स्मारा!"

ती हसली नाही. पश्चिमेकडे हात करून म्हणाली, "स्मारा तिकडे आहे."

तिच्या हाताच्या दिशेला सपाट माळ आणि उतरतं ऊन एवढंच दिसत होतं. त्यापलीकडे, साधारण पावणेचारशे किलोमीटरवर, भिंतीच्या आणि सुरुंगांच्या पल्याड तिचं स्मारा. ती जन्मली इथे, तिची आईही इथेच जन्मली. त्या दोघींनी ते गाव कधी पाहिलेलं नाही. माझ्या शर्यतीला शेवटची रेघ होती. दर काही किलोमीटरवर पाणी घेऊन माणसं उभी होती. थकलोच असतो तर उचलून न्यायला जीप होती. आजींची जी शर्यत चालू होती, तिला शेवटची रेघ कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नव्हतं. मला पदक खिशात टाकावंसं वाटलं. पण नात म्हणाली, "नको, राहू दे. आजीला दाखवायचंय." आजींनी ते हातात घेऊन वजन बघितलं, आणि चहाची किटली शेगडीवर ठेवली.

ती रिकामी बाटली अजून माझ्या हातातच होती. "फेकू नका," नात म्हणाली, "तिचं घर होतं."

मला वाटलं, माझं स्पॅनिश कच्चं पडलं. पण नाही, ती खरंच बोलत होती. २०१५ च्या ऑक्टोबरात या कोरड्या मुलखात धो धो पाऊस पडला आणि मातीच्या विटांची हजारो घरं विरघळून गेली. औसेर्दच्या छावणीत जन्मलेला तातेह लेहबीब ब्रेइका नावाचा एक तरुण इंजिनियर तेव्हा परदेशात शिकून आला होता. त्याने आपल्या आजीसाठी एक घर बांधलं, टाकाऊ प्लॅस्टिकच्या बाटल्यांत वाळू भरून. विटांच्या जागी बाटल्या! आणि घर गोल. गोल घराला वादळाचा मारा कमी बसतो. पावसाने बाटली विरघळत नाही. लोक त्याला 'बाटल्यांचा वेडा' म्हणायचे. मग संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने त्याला मदत केली आणि छावण्यांत अशी आणखी पंचवीस घरं उभी राहिली.

मी ती बाटली तिथे ठेवून आलो. ती कुठल्या भिंतीत गेली की आणखी कुठे, मला माहीत नाही. पण पुण्यात परत आल्यावर धावताना डोक्यावर पाणी ओतायची माझी सवय मात्र सुटली.

आता तो नकाशा घ्या. मोरोक्को आणि पश्चिम सहारा यांच्यामध्ये बोट फिरवा. पुष्कळ नकाशांत तिथली सीमा बाकीच्या सीमांसारखी सरळ रेघेची नसते, तुटक तुटक असते. मी शाळेत असताना मला वाटायचं, छापणाऱ्याकडची शाई संपली असेल! त्याचा अर्थ असा, की हा प्रश्न अजून सुटायचा आहे. त्या तुटक रेघेच्या उजवीकडे, अल्जीरियाच्या कोपऱ्यात, तिंदूफ सापडतं का बघा. तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहतात. त्यांच्या छावण्यांची नावं बहुतेक नकाशांवर नसतात. पेन्सिलीने एक बारीक टिंब काढा आणि शेजारी लिहा, 'स्मारा'.